‘नाडी गावंना!’ म्हणजे नेमकं काय? नवख्यांसाठी नाडी बघण्याची पद्धत

रात्री अकरा-साडेअकराला दार वाजतं आणि बाहेरून कुणीतरी ओरडतं, “सिस्टर, नाडी गावंना की हो!” म्हणजे नाडी सापडत नाही. मी चपला शोधेपर्यंत डोक्यात एकच प्रश्न असतो. नाडी गेली आहे, की बोट चुकलं आहे? वॉर्डात नोकरी करून निवृत्त झाले आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आपल्या गावी परत आले. तेव्हापासून दोन्ही प्रकार पाहिलेत. एका घरात तर आजींची नाडी गेली म्हणून रडारड सुरू होती, आणि मी मनगट हातात घेतलं तेवढ्यात आजींनीच डोळे उघडून विचारलं, “काय झालंय गं ह्यास्नी?” सुनेनं बांगड्या वर सारून मनगटाच्या अगदी मधोमध बोट दाबून धरलं होतं. तिथं नाडी कुणाचीच लागत नाही.

म्हणून हे लिहिते आहे. घरी म्हातारं माणूस सांभाळणाऱ्यांसाठी, यात्रेत स्वयंसेवक म्हणून उभ्या राहणाऱ्या पोरांसाठी, नव्यानं लागलेल्या आशाताईंसाठी. डॉक्टरकी शिकवायची नाही. नाडी लागली नाही तर पुढच्या एका मिनिटात काय करायचं, एवढंच.

आधी आपली नाडी

आज जेवणाआधी पाच मिनिटं शांत बसा. डावा हात उताणा करून मांडीवर सैल सोडा. उजव्या हाताची मधली तीन बोटं अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे सरकवत आणा. कडेला हाड लागेल. त्याच्या आतल्या बाजूला, मनगट वाकवलं की ताठ होणारी दोरी लागेल. या दोन्हींच्या मध्ये शेताच्या पाटासारखी छोटी पन्हळ आहे. बोटं तिथं टेकवा. अंगठा वापरू नका. अंगठ्याची स्वतःची नाडी जोरात असते आणि मग तुम्ही रुग्णाची समजून आपलीच मोजत बसता. घाबरलेल्या माणसाच्या बाकीच्या बोटांतही थोडं ठोकतं. शंका आली तर दुसऱ्या हाताने आपली नाडी धरून बघा. दोन्ही ठोके बरोबर पडत असतील तर तुम्ही आपलीच नाडी धरली आहे.

जागेइतकीच जोराचीही चूक होते. नुसतं टेकवा, मग हळूहळू दाबा. ठोका लागला की थांबा. अशक्त नाडी जोरात दाबली तर ती बोटाखालीच बंद होते आणि आपण म्हणतो, नाही. दहा सेकंदात लागली नाही तर बोटं केसभर आत-बाहेर सरकवा, मनगट किंचित मागे झुकवा, दुसरा हात बघा.

लागली की अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. ठोके आडवेतिडवे पडत असतील तर पूर्ण मिनिट मोजा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००. रोज पळणाऱ्या, तालीम करणाऱ्या पोरांची ५० सुद्धा असते आणि ती ठीक असते. तान्ह्या बाळाची १०० ते १६० पर्यंत जाते, आणि ती मनगटावर सापडतही नाही. बाळाचा दंड आतल्या बाजूने, कोपर आणि खांद्याच्या मध्ये, दोन बोटांनी बघायचा.

मग घरातल्या सगळ्यांची बघा. जाड मनगटाची, बारीक मनगटाची, आजोबांची, जिना चढून आलेल्या मुलाची. आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. बरं असताना आजोबांची नाडी ५८ असते हे माहीत असेल, तर आजारपणात ती ११० झाली म्हणजे काय झालं ते तुम्हाला कळेल. पागोळ्यांच्या आवाजात, जत्रेच्या गर्दीत नाडी शोधणं फार अवघड असतं. सराव घरच्या शांततेतच होतो.

आता एक उपमा, जी मला पुढे सारखी लागणार आहे. शेतात पाईपला पाणी कमी येतंय, तर कारणं तीन. विहीर आटली, मोटर कमजोर झाली, किंवा पाईप कुठेतरी दबला-तुंबला. नाडीचंही तसंच. अंगातलं रक्त किंवा पाणी कमी झालं, हृदय कमी पडलं, किंवा त्या हातापायाची नळी अडली. पहिल्या दोन कारणांत सगळ्याच पाईपांचं पाणी कमी होतं, तिसऱ्यात एकाच पाईपचं. म्हणून नाडी अशक्त वाटली की पहिलं काम म्हणजे दुसऱ्या हाताची नाडी बघणं. हे एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं शिकलात.

माणूस पडलाय आणि उठत नाही

इथं नाडी शोधूच नका.

चुकून लिहिलेलं नाही. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. ओ देत नाही? छातीकडे बघा. श्वास नीट चालू आहे का? मधूनच तोंड उघडून मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा एखादा आचका देत असेल तर तो श्वास धरायचा नाही. हृदय थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत असे आचके येतात आणि ‘अजून श्वास चाललाय’ म्हणून लोक बघत उभे राहतात. शुद्ध नाही आणि नीट श्वास नाही, एवढं पुरे. १०८ ला फोन लावून स्पीकरवर टाका आणि छाती दाबायला लागा. नाडी बघायचीच तर ती शिकलेल्या माणसाने, गळ्याला, आणि दहा सेकंदांच्या वर नाही. तेवढ्यात नक्की सांगता आलं नाही तर दाबायला सुरुवात.

छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेला माणूस वरवर दाबतो आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. फासळी मोडेल या भीतीने हळू दाबू नका. मोडते कधीकधी. ती नंतर जुळते.

आमच्या भागातली एक गंमत सांगते, पण ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. निपाणी, कोगनोळीकडे कुणाला ‘सीपीआर करा’ म्हटलं तर तो गाडी काढायला पळतो. तिकडे सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय! म्हणून मी शिकवताना तो शब्द वापरतच नाही. “छाती दाबा” म्हणते.

गळ्याची नाडी शिकून ठेवायला हरकत नाही. गळ्याच्या मधोमध उंच लागणाऱ्या कंठमण्यावर दोन बोटं ठेवा आणि आपल्याकडच्या बाजूला घसरवा, कडेच्या स्नायूच्या आत खोलगट जागेत ती लागते. एका वेळी एकच बाजू. दोन्हीकडे एकदम दाबायचं नाही, आणि म्हाताऱ्या माणसाची तर चोळायचीही नाही, त्याने ठोके एकदम मंदावून चक्कर येऊ शकते.

नाडी आहे, पण दोऱ्यासारखी

माणूस बोलतोय, पण मनगटाला नाडी बारीक आणि भरभर लागते. दोन्ही हातांना तशीच. ही विहिरीची किंवा मोटरची गोष्ट आहे, आणि शरीर ती लपवायचा प्रयत्न करत असतं. रक्त कमी पडायला लागलं की शरीर हातापायांच्या आणि कातडीच्या नळ्या आवळून घेतं आणि उरलेलं मेंदू-हृदयाला पुरवतं. म्हणून हातपाय गार पडतात, दरदरून घाम येतो, चेहरा उतरतो. आणि म्हणूनच मनगटाची नाडी आधी जाते, जांघेतली नंतर, गळ्याची सगळ्यात शेवटी. मनगटाला काहीच नाही आणि गळ्याला आहे, याचा अर्थ ‘थोडी आहे ना’ असा काढू नका. फार उशीर होत आला आहे असा काढा.

आता नखाची परीक्षा. बोटाचं नख पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. तीन सेकंदांच्या वर लागले तर रक्त तिथवर नीट पोचत नाही. जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळ्यात भिजून आलेल्या धडधाकट माणसाचंही नख हळू भरतं, म्हणून गारठ्यात हीच परीक्षा छातीच्या हाडावर बोट दाबून करा. कोरोनानंतर बऱ्याच घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. गार पडलेल्या बोटाला ते आकडाच दाखवत नाही किंवा काहीतरी भलताच दाखवतं. मशीनच्या नावाने बोटं मोडू नका. आकडा न येणं हीसुद्धा खबर आहे.

कारणं बघायची तर आपल्याकडे उन्हाळ्यात ऊसतोड करणारे, जुलाब-उलट्या झालेली लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांची विहीर आटते. बाळंतपणानंतर जास्त रक्त गेलेली बाई हा फार घाईचा मामला. पोटात मार लागला असेल तर रक्त आतल्या आत जातं, बाहेर थेंब दिसत नाही. ताप येऊन जंतुसंसर्ग रक्तात पसरला, मधमाश्यांनी खूप चावे घेतले आणि अंगावर गांध्या उठून श्वास लागला, की नळ्या सैल पडून दाब कोसळतो. मोटरची गोष्ट म्हणजे छातीत दाबल्यासारखं दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना पुष्कळदा छातीत न दुखता नुसती धाप लागते, मळमळतं. त्याला ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पाजत बसलेली घरं मी मोजणं सोडून दिलं आहे.

करायचं काय? आडवं झोपवा. कमरेला, पायाला मार नसेल आणि धाप नसेल तर पाय उशीवर उचलून ठेवा. धाप असेल तर बसतं ठेवा, झोपवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने थेट जखमेवर दाबा आणि दाबूनच धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. अंगावर चादर घाला. जुलाब-उलट्यांनी अशक्त झालेला माणूस पूर्ण शुद्धीत असेल तर ओआरएस घोटघोट. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा लहान चमचा घ्या. गुंगीत असलेल्याच्या तोंडात मात्र पाण्याचा थेंब घालू नका. तीर्थही नको.

एक फसवणूक ध्यानात ठेवा. रक्तदाबासाठी अॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असलेल्या माणसाची नाडी रक्त गेलं तरी भरभर होत नाही. ‘सत्तर आहे, ठीक आहे’ म्हणून निघून येऊ नका. हात गार आहे का, घाम आहे का, बोलणं भ्रमिष्टासारखं आहे का, ते बघा. उलट नाडी ४० च्या खाली आणि चक्कर, तर तोही लगेच दवाखाना.

एकाच हाताची, एकाच पायाची नाडी नाही

काही वर्षांपूर्वी सात-आठ वर्षांचा एक मुलगा आंब्याच्या झाडावरून पडला. कोपराजवळ हाड मोडलं. घरच्यांनी हाडवैद्याकडे नेलं, त्याने बांबूच्या पट्ट्या लावून कापडाने आवळून बांधलं. रात्री पोर रडायचं थांबेना. “हाड मोडल्यावर दुखणारच की,” असं सगळे म्हणत होते. मला बोलावलं तेव्हा बोटांची टोकं निळसर, हात बर्फासारखा. मनगटाला काहीच लागेना. त्याची बोटं मी हळूच सरळ करायला गेले तर त्याने किंकाळी फोडली. कात्री मागितली आणि बांधलेलं सगळं वरपासून खालपर्यंत कापून मोकळं केलं. थोड्या वेळानं अगदी बारीक ठोका आला, पण रंग पुरता परतला नाही. तसंच बेळगावला पाठवलं, रात्रीच ऑपरेशन झालं. हात वाचला. दोन बोटं मात्र आजही पूर्ण सरळ होत नाहीत. असा आकसलेला हात जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ साली लिहून ठेवला, आणि आपल्याकडे तो अजून तयार होतो आहे.

म्हणून पट्टी, प्लॅस्टर, काहीही बांधलं की त्याच्या पुढची नाडी, बोटांचा रंग, ऊब आणि हालचाल बघा. पहिल्या दिवशी तासातासाला. आणि हे फार महत्त्वाचं आहे: आतल्या सुजेने स्नायू गुदमरतात तेव्हा सुरुवातीला नाडी लागतही असते. बोट सरळ करताना जीव जाईल असं दुखतंय, तर नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका.

मार नसताना अचानक एक पाय दुखायला लागला, पांढरा आणि गार पडला, मुंग्या येऊन बधिर झाला, हलवता येईना आणि नाडी नाही, तर रक्ताची गुठळी जाऊन नळी बंद झाली असण्याचा संभव असतो. ज्यांचे ठोके कायम आडवेतिडवे पडतात त्यांच्यात हे जास्त होतं. हाताशी साधारण सहा तास असतात. चोळू नका, शेकू नका, पाय उंच ठेवू नका. गाडी काढा.

हळूहळू होणारं वेगळं. पायाची नाडी दोन ठिकाणी बघायची. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत पावलाच्या वर, आणि आतल्या घोट्याच्या मागे. पावलावरची नाडी काही धडधाकट माणसांत जन्मतःच सापडत नाही, तेवढ्यावर घाबरू नका, घोट्यामागची बघा. दोन्ही नसतील, चालताना पोटरी धरत असेल आणि थांबलं की सुटत असेल, तर पायाच्या नळ्या अरुंद झाल्यात. दवाखान्यात घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार काढतात. तो ०.९ च्या खाली आला की निदान पक्कं होत जातं.

निपाणीचं नाव १९८१ च्या तंबाखू आंदोलनाने देशभर गेलं. त्याच तंबाखूची दुसरी ओळख मला वॉर्डात झाली. तिशी-चाळिशीतले पुरुष, बिडी सुटत नाही, पायाचं बोट काळं पडलेलं, जखम महिनोन्महिने भरत नाही, घोट्याला नाडी नाही. याला बर्गरचा आजार म्हणतात. औषधं, ऑपरेशनं सगळी पुढची. तंबाखू पूर्ण बंद केली तरच तो थांबतो. दिवसाला दोन बिड्याही चालत नाहीत, मिश्रीही नाही.

आणि तरुण बायकांचं. धुणं पिळताना, वेणी घालताना एकच हात भरून येतो, दवाखान्यात त्या हाताचा बीपी मशीनला येत नाही, आणि मशीन खराब आहे म्हणून दुसऱ्या हाताचा घेऊन घरी पाठवतात. ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०८ साली पहिल्यांदा नोंदवलेला, मोठ्या नळ्यांना सूज आणणारा एक आजार असा दिसतो. तो आशियातल्या तरुण बायकांत जास्त आढळतो. दोन हातांच्या नाडीत किंवा बीपीत ठळक फरक असेल तर तो कागदावर लिहून मोठ्या डॉक्टरांना दाखवा. असाच फरक छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखं दुखत असताना सापडला तर महाधमनीची भिंत चिरलेली असू शकते, मग एक मिनिटही घालवू नका.

डायलिसिससाठी ऑपरेशन करून नळ्या जोडलेल्या हातावर नाडीपेक्षा भुंग्यासारखी थरथर लागते. तो हात बीपीला द्यायचा नाही. थरथर एखाद्या सकाळी बंद दिसली तर त्याच दिवशी डायलिसिसवाल्यांना कळवा.

साप चावला तर दोरी आवळू नका, हातपाय फळीला बांधून हलू देऊ नका आणि न्या. पण कुणीतरी आधीच आवळलेली असते. तेव्हा दोरीच्या पुढची नाडी बघा. नाडी लागत नसेल तर दोरी शेतात एकदम सोडू नका, अडलेलं विष एकदम अंगात जाऊ शकतं. डॉक्टर समोर असतानाच ती सोडायची. वाटेत वेळ घालवू नका.

फोनवर काय बोलायचं

१०८ महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत चालतो. आपण सीमेच्या कडेला राहतो, मोबाईलला कधी या राज्याची रेंज, कधी त्या राज्याची. म्हणून फोन उचलल्या उचलल्या राज्य, जिल्हा, तालुका, गाव या क्रमानं सांगा, मग बाकीचं. समोरचा कन्नड बोलला तर गडबडू नका. ‘नाडी’ हा शब्द कन्नडमध्येही नाडीच आहे. “नाडी सिगवल्तु” म्हणजे नाडी सापडत नाही. “एच्चर इल्ला” म्हणजे शुद्ध नाही. “उसिराट इल्ला” म्हणजे श्वास नाही. “लगूना बर्री” म्हणजे लवकर या. ही चार वाक्यं मंडळाच्या फळ्यावर देवनागरीत लिहून ठेवा. भाषेचा अभिमान मलाही आहे, पण तो रुग्ण गाडीत चढल्यावर.

दवाखाना निवडताना अंतर बघा. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, अथणीकडच्यांना मिरज, खानापूरकरांना बेळगाव. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. गार पडलेल्या पायाकडे सहा तास आहेत.

सोबत एक चिठ्ठी द्या. शेवटची नाडी किती वाजता लागली, कुठे लागली, किती होती, दोन्हीकडे सारखी होती का, चालू गोळ्या कोणत्या. रुग्णाच्या खिशात ठेवू नका. अपघात विभागात पहिल्यांदा कात्रीने कपडे कापतात आणि चिठ्ठी त्यांच्याबरोबर टेबलाखाली जाते. सोबत जाणाऱ्याच्या मुठीत द्या.